चाचणीपुरता मेलेला माणूस

मी मेलो आहे हे मला यादीवाल्या बाईंनी सांगितलं. यादीवाल्या बाई म्हणजे आमच्या रुग्णालयात किडनीसाठी थांबलेल्या लोकांची यादी सांभाळणाऱ्या. स्वभावाने गरीब, आवाज मऊ. त्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे, आणि म्हणाल्या, "काका, जरा बसता का?"

मी म्हटलं, "सकाळभर डायलिसिसच्या खुर्चीत बसूनच आलोय. काय ते सांगून टाका."

तेव्हा त्यांनी पडदा माझ्या बाजूला वळवला. माझं नाव, जन्मतारीख, रक्तगट, सगळं अचूक होतं. त्याखाली एका चौकटीत लिहिलं होतं: मृत.

मला आधी हसूच फुटलं. "अहो बाई, मग मघाशी तुमच्या खालच्या मजल्यावर सुया टोचल्या त्या कोणाला?" त्यांनाही हसावं की रडावं ते कळेना. डायलिसिसच्या विभागाचा कारभार वेगळा आणि यादीचा वेगळा. एका मजल्यावर मी जिवंत होतो, दुसऱ्यावर मेलो होतो, आणि दोन्ही मजल्यांचं आपापलं बरं चाललं होतं.

मी त्यांच्याकडे गेलो होतो तो बेकरीवालीमुळे. डायलिसिसला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. तोंडाने फटकळ, मनाने चांगली, घरी दोन लहान मुलं. रक्तगट माझाच, पण यादीत माझ्या बरीच मागे. एके दिवशी खुर्ची रिकामी दिसली. आमच्याकडे रिकाम्या खुर्चीचा अर्थ सहसा एकच असतो. पण नर्सने हसत सांगितलं, तिला किडनी मिळाली. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू, खरंच झाला. मग घोटभर पाणी प्यायलो, तेही मोजून, आणि मनात आलं की माझ्या मागे उभी असलेली बाई माझ्या आधी आत कशी गेली?

हसू ओसरलं तशी तळपायाची आग मस्तकात गेली. मी शाळेत खेळाचा शिक्षक होतो आणि उरलेल्या वेळात फुटबॉलच्या सामन्यांना पंच. चूक झाली की शिट्टी वाजवायची आणि ज्याने केली त्याच्याकडे बोट दाखवायचं, हे मी उभा जन्म केलं. त्या पोरांनी मला मागून शिव्या घातल्या असतील, पण चूक कोणाची हे कोणाला विचारावं लागलं नाही. इथे मात्र जो तो हात वर करत होता. यादीवाल्या बाई म्हणाल्या, आम्ही फक्त वाचतो. कार्यालयातला माणूस म्हणाला, सिस्टिमने केलंय. मी म्हटलं, "त्या सिस्टिमला जरा बाहेर बोलवा, मला तिचं तोंड बघायचंय." मग तिथल्या तिथे तक्रार केली. मला कोणी मारलं ते शोधून काढा, इतकीच माझी मागणी होती.

त्याच रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात माझी मुलगी काम करते. घरी येऊन मी सगळं तावातावाने सांगितलं. आमची ही कपाळाला हात लावून बसली. मुलीने मात्र ताटावरून मान वर केली नाही. "यादीतून कधी काढलं तुम्हाला?" एवढंच तिने विचारलं, आणि मी सांगितलं तशी ती उठून हात धुवायला गेली. मला वाटलं, बापाची काळजी. बाप लोकांना असलं काहीतरी वाटून घ्यायला आवडतं.

पुढचे काही दिवस ती घरात असून नसल्यासारखी होती. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी आई बाहेर गेलेली पाहून ती माझ्यासमोर येऊन बसली. मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. तिने माझ्या हातातला शर्ट काढून घेतला आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला मी मारलं."

मी म्हटलं, "सकाळी सकाळी काय हे?"

"चेष्टा नाही करत. ऐका ना."

तिने सांगितलं ते माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. रुग्णालयाचं सगळं दप्तर एका यंत्रात असतं, आणि त्याची हुबेहूब नक्कल दुसऱ्या यंत्रात. नवीन काही बनवलं की आधी नकलेवर करून पाहायचं, चुकलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. तपासायला रुग्ण लागतात. खरे रुग्ण वापरायला सक्त मनाई. म्हणून बनावट रुग्ण तयार करणारं एक हुशार यंत्र आणलेलं. माणसासारखी नावं, माणसासारखे आजार, सगळं आपोआप.

"पण बाबा, त्या बनावट माणसांचं सगळं फार सरळ असतं. कोणी औषध मध्येच सोडत नाही. कोणाला मधुमेह असून वर किडनी आणि वर ऐकायला कमी, असं होत नाही. त्यांच्यावर सगळं पास होतं आणि खऱ्या माणसावर पडतं. मग आम्ही घरच्यांना घेतो. घरच्यांचं सगळं पाठ असतं ना. जन्मतारीख, औषधं, कधी काय झालं. तुमचं तर मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळेच. बोलत नाही कोणी. पण सगळेच."

यादीतला एखादा माणूस वारला तर मागचे लोक नीट पुढे सरकतात का, हे तिला तपासायचं होतं. त्यासाठी कोणाला तरी मारणं भाग होतं. तिने नकलेतल्या मला मारलं, मागचे लोक पुढे सरकले, काम चोख झालं, आणि तिने मला पुन्हा जिवंत केलं. घोळ इतकाच की त्या सुमारास यंत्रं हलवायची होती म्हणून कोणीतरी खऱ्या आणि नकली दप्तरामधला रस्ता थोडा वेळ दोन्ही बाजूंनी उघडा ठेवला होता. एरवी तो एकाच बाजूने असतो. माझं मरण त्या रस्त्याने खऱ्या दप्तरात पोचलं. मागून मी जिवंत झालो तोवर रस्ता बंद झाला होता.

"मला मारताना हात नाही थरथरला?" मी विचारलं. हे मी चेष्टेत म्हणायला गेलो, पण तसं निघालं नाही.

"थरथरला," ती म्हणाली. "म्हणून तर लगेच जिवंत केलं. दुसरं काही तपासायच्याही आधी."

मी तिच्या हातातला शर्ट परत घेतला आणि घडी घालू लागलो. मला राग आला होता, आणि या वेळी तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. सिस्टिमवर रागावणं किती सोपं होतं! मनसोक्त शिव्या घाला, तिला ना आई ना बाप. आणि आता समोर ही, लहानपणी ताप आला की माझ्या छातीवर झोपणारी. ती म्हणाली, "तुमच्या तक्रारीवर आमच्या विभागात बैठक ठरलीय, तुम्हालाही बोलावलंय. तिथे मी सगळं सांगणार आहे." तेव्हा मी शर्ट बाजूला टाकला.

"तोंड उघडायचं नाहीस. खरा रुग्ण वापरला म्हणून तुला काढून टाकतील, वर खटला भरतील. तुझी आई आणि मी, आमचं काय ते तूच बघतेस. मी तिथे येऊन माझं समाधान झालं म्हणून सांगतो आणि तक्रार मागे घेतो. विषय संपला."

"आणि ती किडनी?"

"कोण जाणे! जुळलीही नसती. रक्तगट एक असला म्हणून जुळतेच असं नाही, डॉक्टर नेहमी सांगतात." हे मी तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो. थोडं मलाही बरं वाटावं म्हणून.

बैठक कॉम्प्युटर विभागातच होती. काचेच्या भिंती, लांब टेबल, सगळ्यांपुढे लॅपटॉप. माझ्या मुलीच्या वयाची पोरं, एक दाढीवाला तर खेळायला पाठवावा इतका तरणा. प्रमुख म्हणून एक शांत गृहस्थ होते. त्यांनी उठून मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "काका, काय चुकलं ते शोधायच्या बैठकीला आमच्यात पोस्टमॉर्टेम म्हणतात."

"मग माझ्या हजेरीत कशाला करता?" मी म्हटलं. दाढीवाला हसला आणि लगेच गप्प बसला.

प्रमुखांनी नियम समजावला. काय झालं ते सांगायचं, कोणी केलं ते नाही. नाव घ्यायचं नाही, बोट दाखवायचं नाही. माणसाला शिक्षा होणार म्हटलं की माणूस लपवतो, आणि लपवलं की तीच चूक पुन्हा होते. ऐकून माझ्यातला पंच आतल्या आत धुसफुसला, पण त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं म्हणणार नाही. शाळेत मीही पाहिलं होतं, छडीला भिणारी पोरं सर्वांत सफाईने खोटं बोलतात. शिवाय त्या दिवशी तो नियम माझ्या पथ्यावरच पडणार होता. नाव निघणार नाही, पोर वाचेल. मी टेबलाच्या या बाजूला, ती शेजारी. ती टेबलाकडे बघत होती.

प्रमुखांनी वाचून दाखवलं. दोन यंत्रांमधला मार्ग काही काळ दुतर्फा राहिला. त्यातून एका नोंदीवर परिणाम झाला. नोंद दुरुस्त केली आहे. मार्ग बंद आहे. रुग्णाला झालेला अपाय निश्चित सांगता येत नाही.

मी ती नोंद होतो. माझ्याविषयी इतकं सभ्य आणि इतकं कोरडं कोणी कधी बोललं नव्हतं. पण मी मूग गिळून बसलो, कारण हेच हवं होतं. आता त्यांनी मला विचारलं की म्हणायचं, समाधान झालं. वाक्य मी वाटेत घोकून ठेवलं होतं.

"येतं," कोणीतरी म्हणालं.

ते कोपऱ्यात बसलेले प्रत्यारोपणाचे डॉक्टर होते. आतापर्यंत ते फोनमध्ये डोकं घालून बसले होते. "अपाय निश्चित सांगता येतो. यांच्या रक्ताचा नमुना आमच्याकडे साठवलेला असतो. मी तो नंतर त्या किडनीशी जुळवून पाहिला. जुळतो, आणि चांगला जुळतो. ती यांचीच होती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी तुम्हाला एकटं गाठून सांगायला हवं होतं. माफ करा."

आठवड्यातून तीनदा त्या खुर्चीत बसायचं, जिभेला बर्फाचा खडा लावून तहान मारायची, पायावरची सूज दाबून बघायची. हे सगळं संपलं असतं. आत्ता या घडीला मी पेलाभर गार पाणी घटाघटा पिऊ शकलो असतो. तेवढंच माझ्या मनात आलं, पाणी. बेकरीवालीचा हेवा वाटला आणि लगेच तिच्या मुलांची आठवण येऊन स्वतःची लाज वाटली.

मुलीकडे बघायचं धाडस मला झालं नाही. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

प्रमुखांनी कागदावर काहीतरी खोडलं आणि विचारलं, "आणखी कोणाला काही सांगायचंय?"

"मला," ती म्हणाली.

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. तिने पाय काढला नाही आणि बोलणंही थांबवलं नाही. नियमाप्रमाणेच सुरुवात केली. "एका व्यक्तीला एक चाचणी करायची होती. त्या व्यक्तीने बनावट रुग्ण वापरायला हवा होता. तिने खऱ्या रुग्णाची नोंद वापरली. ती नोंद तिला पाठ होती, कारण..."

"नावं नकोत," प्रमुख घाईघाईने म्हणाले. तिला दटावायला नव्हे. त्या माणसाच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की काय येतंय ते त्याला कळलंय आणि तो तिला वाचवू बघतोय, माझ्यासारखाच.

"नावाशिवाय हे सांगताच येत नाही," ती म्हणाली. "ती नोंद म्हणजे माझे बाबा आहेत. ती व्यक्ती मी." तिने टेबलावरची नजर उचलून समोरच्यांकडे पाहिलं. "आणि असं करणारी मी एकटी नाही. आपण सगळेच घरच्यांना वापरतो, हे या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. आपण एक नोंद दुरुस्त केली. ती सापडली कशी? माझे बाबा भांडकुदळ आहेत म्हणून. ते स्वतः चालत गेले आणि विचारलं. जे विचारायला आलेच नाहीत, त्यांचं काय?"

प्रमुख म्हणाले, "हे इथेच थांबवू या. आपण नंतर..."

"बोलू द्या तिला," मी म्हणालो. माझ्याच तोंडून हे कसं निघालं कोण जाणे. मी तिला गप्प करायला आलो होतो, माझा पाय अजून तिच्या पायावर होता. तो मी काढून घेतला.

पण तिचं बोलून झालं होतं. मग दाढीवाल्याने लॅपटॉप पुढे ओढला. त्याच्या समोरच्या मुलीनेही ओढला. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, नुसती बटणांची टकटक चालली होती. एकेक जण आपापल्या घरच्यांना शोधत होता. समोरची मुलगी हळूच "आहे, भाऊ आहे," असं म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

"माझी आई," दाढीवाला म्हणाला.

प्रमुखांनी विचारलं, "आहे ना?"

त्याने मान हलवली, नाही म्हणून. "इथे मृत लिहिलंय. तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं होतं. तारीख कळवतो म्हणाले होते. ती रोज मला विचारते, तू तिथेच कामाला ना, मग फोन का येत नाही? मी सांगतो, गर्दी आहे आई, येईल." तो इतका वेळ पडद्याकडे बघूनच बोलत होता. मग एकदम उठला, खुर्ची मागे आपटली, आणि फोन कानाला लावत बाहेर पळाला. काचेपलीकडे तो आम्हाला दिसत होता. पलीकडून फोन उचलला गेला असावा, कारण तो भिंतीला टेकून खाली बसला आणि आई, आई, असं म्हणताना त्याचे ओठ हलले.

डॉक्टर तडक उठून त्याच्याकडे गेले. प्रमुखांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. मग माझ्या मुलीला म्हणाले, "तू उद्यापासून येऊ नकोस. चौकशी होईपर्यंत. हे माझ्या हातात नाही." त्यांना हे बोलताना त्रास होत होता. ती फक्त "हो" म्हणाली.

"काका, तुमच्या तक्रारीचं काय करायचं? ती मागे घेतलीत तर प्रकरण बरंच सौम्य होईल."

हेच तर मी सांगायला आलो होतो. वाक्य घोकलेलं होतं, जिभेवर होतं. मी मुलीकडे पाहिलं. मघाशी ज्या काचेपलीकडे तो मुलगा बसला होता तिकडे ती एकटक बघत होती. मी तक्रार मागे घेतली असती तर चौकशी मिटली असती, आणि बाकीच्या विभागांतल्या पोरांनी आपापले आईबाप कधी शोधले नसते.

"राहू दे," मी म्हणालो. "सगळ्या नोंदी तपासून होत नाहीत तोवर राहू दे. तिच्या नावासकट."

पोटच्या पोरीवरची तक्रार मी जागेवर ठेवली. आजवर इतक्या सामन्यांत बोट दाखवलं, पण घरच्या माणसाकडे कधी नाही.

आम्ही बाहेर पडलो. लिफ्टसमोर रुग्णांच्या चाकाच्या खुर्च्यांची रांग होती म्हणून जिन्याकडे वळलो. मला जिना उतरताना हल्ली दम लागतो, पण थांबवत नव्हतं. ती एक पायरी मागे राहून येत होती. मधल्या वळणावर ती थांबली.

"बाबा."

"काय?"

"तुम्ही रागावलात माझ्यावर?"

नाही गं, असं म्हणणं किती सोपं होतं. तीही मान हलवून पुढे चालू लागली असती, आणि दोघांनाही खोटं आहे हे माहीत असतं. पण ती आत्ताच सगळ्यांसमोर खरं बोलून आली होती, त्यात तिचं काय काय गेलं तेही मी पाहिलं होतं. तिला खोटं द्यायला माझी जीभ वळेना.

"हो," मी म्हणालो. "खूप. आणि राग इतक्यात जाईल असं वाटत नाही."

तिचा चेहरा पडला नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. तिचे डोळे भरून आले आणि ती तिथेच उभी राहिली, खाली यावं की नाही हे न कळून.

"आता तिथे का उभी?" मी म्हटलं. "रागावलोय म्हणून काय एकट्याने उतरू? हात दे."

ती खाली आली आणि तिने माझा हात धरला.